माइल्स डेव्हिस आणि सरकणारा षड्ज

जॅझ ऐकू पाहणारा आपल्याकडचा रसिक बहुधा एकाच जागी अडतो. तानपुऱ्याची सवय झालेल्या कानाला टेकायला जागा सापडत नाही. माझी अडचण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस (१९२६–१९९१) याच्या ‘सो व्हॉट’ या रचनेने सोडवली. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतली ही पहिली रचना.

त्याआधीच्या बीबॉप शैलीत कॉर्ड भराभर बदलत आणि वादकाची बुद्धी त्यांचा पाठलाग करण्यातच खर्ची पडे. चार्ली पार्करच्या साथीला राहून माइल्स याच शैलीत तयार झाला. ‘सो व्हॉट’मध्ये मात्र त्याने ही धावपळ जवळजवळ थांबवली.

त्यातले सप्तक आपल्या ओळखीचे आहे. गंधार-निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. पाश्चात्त्य संगीतात त्याला डोरियन म्हणतात. चार मात्रांचा एक खंड आणि ३२ खंडांचे एक आवर्तन. पहिले १६ खंड षड्ज पांढरी दोनवर, पुढचे ८ काळी दोनवर आणि शेवटचे ८ पुन्हा पांढरी दोनवर.

एवढ्यावरून ‘हा त्यांचा रागच’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण थाट म्हणजे राग नव्हे. इथे वादी-संवादी नाहीत, पकड नाही. शिवाय आपला गायक मूर्च्छनेचा कितीही भास निर्माण करो, तानपुरा जागचा हलत नाही. इथे जणू खुद्द तानपुराच अर्ध्या स्वराने वर सरकतो.

नवख्याने आधी पॉल चेंबर्सच्या बासकडे कान द्यावा आणि खंड मोजावेत. माइल्स दोनच आवर्तने वाजवतो: छोटे वाक्य, मग विसावा. त्या विसाव्यांमुळेच षड्ज सरकल्याचे लख्ख जाणवते. मागून जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन त्याच चौकटीत स्वरांची दाटी करतो, तरी तोवर कानाला वाट सापडलेली असते.

हे एक सरकणे अंगवळणी पडले की पार्करची धावपळही उलगडू लागते. काफीने मला दारापर्यंत आणले हे खरे, पण आत नेले ते काफीत नसलेल्या गोष्टीने. जॅझमध्ये आपला राग शोधत बसणाऱ्याच्या हाती मात्र फार तर एक थाट लागेल.