द्राक्षासवापासून लांबानोगपर्यंत

‘वाइन’ला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की मद्य, मदिरा, वारुणी असे शब्द सुचतात, पण ते सारे सरसकट आहेत. त्यातल्या त्यात नेमका शब्द आयुर्वेदाने जपला आहे, तो म्हणजे ‘आसव’. द्राक्षासवात धायटीची फुले घालून ते मुरवत ठेवतात, तेव्हा आत चालते ते किण्वनच. यीस्ट साखर खाते आणि तिचे इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड करते. मद्यार्क पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचला की बहुतेक यीस्ट आपल्याच निर्मितीत गुदमरते. म्हणून नुसत्या किण्वनाने कडक दारू होत नाही. तिच्यासाठी भट्टीच लावावी लागते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

द्राक्षांच्या वाइनविषयी थोडक्यात सांगतो. लाल वाइनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालींतून येतो. पांढऱ्या वाइनमध्ये साली आधीच वेगळ्या करतात, रोझेमध्ये त्यांचा सहवास काही तासांपुरता असतो. शँपेनचे दुसरे किण्वन बाटलीतच होते, म्हणून ती फसफसते. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातील पोर्टमध्ये किण्वन अर्ध्यावर असताना द्राक्षाचीच ब्रँडी घालून यीस्ट मारतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क मात्र वीस टक्क्यांच्या घरात जातो. गोड ते सौम्य, ही समजूत येथेच मोडते.

आता फिलिपिन्स. तेथे द्राक्षे नगण्य, पण आंबवण्याची परंपरा फार समृद्ध. उत्तरेकडील कोर्दिलेरा डोंगरांत, जेथील इफुगाव लोकांची भाताची सोपानशेती १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेथे चिकट तांदळाची ‘तापुय’ करतात. तांदळात स्टार्च असतो आणि यीस्टला तो पचत नाही. म्हणून शिजवून निववलेल्या भातावर ‘बुबोद’ नावाचे विरजण भुरभुरतात. त्यातील बुरशी आधी स्टार्चची साखर करते, मग यीस्ट साखरेचे मद्य. आपल्या लाळेतले अमायलेज करते तेच काम येथे बुरशी करते. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडले आहे.

इलोकोस प्रांतातील ‘बासी’ ही उसाची. रस उकळून, त्यात स्थानिक झाडांची पाने आणि साली (जांभळाची सालही) घालून तो मातीच्या रांजणांत मुरवतात. या पेयापायी बंडही झाले. स्पॅनिश सत्तेने बासीचा मक्ता स्वतःकडे घेऊन घरगुती उत्पादनावर बंदी घातली आणि सप्टेंबर १८०७ मध्ये पिद्दिग गावातून उठाव झाला. तो दोन आठवड्यांच्या आत चिरडला गेला. एस्तेबान व्हिल्यान्वेव्हा या चित्रकाराने १८२१ मध्ये त्यावर काढलेली १४ चित्रे आजही उपलब्ध आहेत. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने माडी-ताडीवर असाच हात टाकला होता, हे आपल्याकडील जाणत्यांना आठवेल.

‘तुबा’ मात्र गोमंतकीयांना घरचीच वाटेल. माडाच्या पोयीला छेद देऊन गोळा केलेला रस म्हणजे आपली सूर. आपला रेंदेर जसा माडावर चढतो, तसाच तेथलाही. विसाया बेटांत तीत खारफुटीच्या झाडाची साल घालतात, त्यामुळे ती तांबूस दिसते. बराच काळ मुरवलेल्या तुबाला ‘बहालिना’ म्हणतात. मनिला ते आकापुल्को अशा गलबतांच्या फेऱ्यांतून (१५६५ ते १८१५) हे कसब पॅसिफिक ओलांडून गेले आणि मेक्सिकोच्या कोलिमा भागात ‘तुबा’ हा शब्द अजून टिकून आहे.

हीच तुबा भट्टीत ऊर्ध्वपातित केली की ‘लांबानोग’ होते. आपल्याकडील माडाच्या फेणीची सख्खी बहीण. आमच्या गोव्यातील अनेक घरांतील कर्ता पुरुष जहाजावर असतो आणि तेथे त्याचे सोबती बरेचदा फिलिपिनो असतात. माझ्या एका बालरुग्णाच्या वडिलांनी रजेवर येताना लांबानोगची बाटली भेट म्हणून आणली. “डॉक्टर, वाइनच आहे, सौम्य,” असे ते कौतुकाने म्हणाले. मी मद्य घेत नाही, पण लेबले वाचण्याची सवय व्यवसायानेच लागलेली. दर्शनी भागी ‘कोकोनट वाइन’ आणि खाली बारीक अक्षरांत मद्यार्क ४० टक्के! आणखी एक बाटली घरी, मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवली असल्याचे त्यांच्या बोलण्यात आले. ती त्यांना त्याच दिवशी कुलपात ठेवायला लावली.

याचे कारण वैद्यकबंधूंना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहितो. लहान मुलाच्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा असतो आणि इथेनॉल नवीन ग्लुकोज बनण्याची वाट अडवते. मूल नुसते झिंगत नाही. त्याची रक्तशर्करा कोसळते, झटके येतात, आणि घरची माणसे ‘झोपले आहे, झोपू दे’ म्हणत बसतात. सर्दीत छातीला ब्रँडी चोळणे, दात येताना हिरड्यांवर थेंब लावणे हे प्रकार आजही कानांवर येतात. ब्रिटनमध्ये तर १९९२ पर्यंत ग्राइप वॉटरमध्येही मद्यार्क असे! मोठ्यांच्या बाबतीतही ‘रोज एक पेला लाल वाइन हृदयाला बरी’ हे आता मागे पडले आहे. कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

लांबानोगची दुसरी बाजू डिसेंबर २०१९ मध्ये दिसली. लागुना आणि केसोन प्रांतांत ती पिऊन किमान ११ जण दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कारण मिथेनॉल. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे याच विषाने गेली. मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टिचेता जाळते. त्याला बारा ते चोवीस तास लागतात, म्हणून सकाळी ‘डोळ्यांपुढे धुके’ म्हणत येणाऱ्या रुग्णाने रात्री काय घेतले, हे विचारावेच. फोमेपिझोल हाताशी नसेल तर उतारा म्हणून इथेनॉलच देतात. ते त्याच विकराला अडकवून ठेवते आणि तेवढ्यात डायलिसिसची सोय करता येते. रुग्ण मूल असेल तर या उपचारात रक्तशर्करा तासातासाला पाहावी आणि ग्लुकोजची शिरेवाटे धार चालू ठेवावी.