आठवड्यातली एक संध्याकाळ अम्मीची

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले छोटे स्टेशन. आमच्या घरात फजरनंतर चहाचे आधण चढते. पाहुणा आला तरी चहा, डोके दुखले तरी चहा. कॉफी म्हणजे सर्दी-तापात जायफळ घालून मिळणारी, एवढीच आमची ओळख. दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने स्टीलचा दोन मजली फिल्टर आणला आणि घरात एक नवी सवय आली.

रीत अगदी सोपी आहे. वरच्या भांड्यात तीन चमचे कॉफी पूड घालून चकतीने हलकेच दाबावी, उकळते पाणी ओतावे आणि झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात दाट अर्क उतरतो. त्यात गरम दूध आणि साखर घातली की झाले. पुडीवर चिकोरी लिहिलेले असते, ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी. तिने अर्क दाट व गडद होतो. फिल्टर नसेल तर पूड उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटे झाकावी आणि पातळ कापडातून गाळावी, तरीही चालते.

या पेयाचे आपल्याशी जुने नाते आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून कॉफी पीत. 1511 मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली, पण ती टिकली नाही. हिंदुस्थानात कॉफीचे बी बाबा बुडन यांनी आणले असे सांगतात. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी ही कथा. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण ही गोष्ट केवळ कॉफीची नाही. पहिल्यांदा कॉफी गाळली तेव्हा आम्ही अम्मीला म्हटले, "तू बस, आज आम्ही करतो." ती बसली खरी, पण दर दोन मिनिटांनी उठत होती. तेव्हा आमच्या ध्यानात आले की रात्रीच्या दस्तरखानवरही ती आमच्यासोबत कधी बसतच नाही. आम्ही जेवत असतो आणि ती तव्यासमोर गरम भाकरी थापत असते. सगळे उठले की उरलेले सालन घेऊन एकटीच जेवते. मनगट दुखते हे तिने वर्षभर कुणाला सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून ठरवले, गुरुवारची रात्र भाकरीविना. अब्बा आधी नाराज झाले. "विकतचं खाणं म्हणजे घराची बरकत जाते," म्हणाले. अम्मीलाही संकोच वाटला, लोक आळशी म्हणतील म्हणून. पण हजरत आयशा (र.) यांची रिवायत अब्बांना ठाऊक होती: प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत. आणि घरात सिरक्याशिवाय काही नव्हते, तेव्हा त्यांनी सिरक्याचीच तारीफ केली. अब्बा काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी नांदेडहून येताना त्यांनी स्वतःच नान आणि कबाब आणले.

बाहेरचे आणता येत नाही तेव्हा मसूर डाळीची खिचडी आणि खट्टा. चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाचे कूट, चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि मीठ, वर जिऱ्याची फोडणी. सोबत दुकानातला पापड आणि लोणचे. तांदूळ-डाळ धुण्यापासून वाढण्यापर्यंत पाऊण तास लागतो, आणि तेही मुलांच्या हातून होते.

विकतचे आणताना काही गोष्टी पाहाव्यात. पाकिटावर मुदतीची तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. हिरवी खूण म्हणजे त्यात मांस, मासे, अंडे नाही. मांसाहारी पदार्थांवर आता तपकिरी त्रिकोण असतो, पण त्यावरून पदार्थ हलाल आहे की नाही हे कळत नाही. मांसाचे पाकीट असेल तर वेगळी खात्री करावी. जेली, मार्शमॅलो अशा खाऊत जिलेटिन असेल तर ते कशाचे, हे विचारावे. पापड, लोणचे, नूडल्सचा मसाला यांत मीठ पुष्कळ असते. घरात रक्तदाबाचे कुणी असेल तर रोज नको.

कॉफीबद्दलही एक सांगणे. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असणाऱ्या आया-बहिणींनी ती जेवणानंतर तासाभराने घ्यावी. गरोदरपणात किती चालेल हे डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांना देऊ नये.

आता गुरुवारी इशानंतर अम्मी दस्तरखानवर आमच्या मध्ये बसते. सुरुवातीला तिचा हात सारखा दुसऱ्यांच्या ताटाकडे जाई. गेल्या आठवड्यात तिने आधी स्वतःला वाढून घेतले आणि अब्बांना म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय." इतक्या वर्षांत आम्ही तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवत आलो. या वेळी खिचडी आमची होती. आम्ही मुकाट्याने उठून मिठाची बरणी आणली.