जुन्या पद्मिनीत सीट बेल्ट बसवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रीमियर पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती 1964 पासून ‘डिलाइट’ या नावाने आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने तयार होत असे. चार मीटरहून आखूड असलेल्या या गाडीचा आराखडा सीट बेल्ट सर्रास वापरात येण्याआधीचा आहे. आज वापरात असलेला तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये सिद्ध केला, पण भारतात पुढच्या सीटसाठी पट्टे देण्याचे बंधन कारखान्यांवर 1994 मध्ये आले. त्यापूर्वीच्या अनेक पद्मिनी त्यामुळे पट्ट्याविना किंवा साध्या जुन्या पट्ट्यांसह घरोघरी जपलेल्या आहेत. त्यांत नवे पट्टे बसवण्याविषयी काही समजुती रूढ आहेत आणि त्यांतल्या काही धोक्याच्या आहेत.

गैरसमज: जुनी गाडी सावकाश चालते, तिला पट्ट्याची गरज नाही.

वस्तुस्थिती: ताशी 50 किलोमीटर वेगाने झालेली धडक ही जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतकी असते. शिवाय जुन्या गाडीत एअरबॅग नसते, डॅशबोर्ड पत्र्याचा असतो आणि स्टिअरिंगचा दांडा आघाताने आत दबेल अशी रचना नसते. त्यामुळे माणसाला रोखून धरणारे पट्ट्याशिवाय दुसरे साधनच उरत नाही. पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाजूने बसणाऱ्या धडकेत मात्र दाराचा पत्रा आत येण्यापासून पट्टा वाचवू शकत नाही.

गैरसमज: पट्टा मजबूत असला की पुरे, तो पत्र्याला कुठेही बोल्टने आवळावा.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वरच्याच वेगाच्या धडकेत 60 किलो वजनाच्या माणसाला थांबायला अर्धा मीटर अंतर मिळाले, तर त्याला धरून ठेवणारे बल सरासरी 1,200 किलो वजनाइतके होते. क्षणभर ते त्याहूनही वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मोटारीच्या तीन बिंदूंच्या पट्ट्याची चाचणी घेताना खांद्याच्या भागावर 13,500 न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागावरही तेवढेच बल लावतात. एवढ्या ओढीपुढे फरशीचा एकेरी पत्रा कागदासारखा फाटतो आणि लहान वॉशरसह बोल्ट भोकातून निसटतो.

म्हणून बोल्टच्या मागे जाड पोलादी पट्टी लागते; ओढ तिच्यामुळे पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरते. बोल्टही साधा चालत नाही. सीट बेल्टसाठी जगभर 7/16 इंच व्यासाचा, बारीक आट्यांचा, उच्च ताकदीचा बोल्ट रूढ आहे. वरचा बिंदू दोन दारांमधल्या खांबावर येतो. हा खांब आतून पोकळ असल्याने आटे पाडलेली पट्टी आत वेल्ड करून घ्यावी लागते. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही; बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे फरशी, खांबाचा पाया आणि दाराखालचा उंबरा गंजला असेल, तर आधी ते टिनकाम पूर्ण करायचे आणि पट्टा त्यानंतरच बसवायचा.

गैरसमज: कमरेचा पट्टा पुरेसा आहे.

वस्तुस्थिती: कमरेचा पट्टा माणसाला गाडीबाहेर फेकला जाण्यापासून रोखतो, पण छाती आणि डोके पुढे झेपावतेच. शिवाय तो नितंबाच्या हाडावर न बसता पोटावर सरकला, तर आतड्यांना इजा होते. पुढच्या दोन्ही कडेच्या जागांवर तीन बिंदूंचाच पट्टा हवा. खांद्याचा बिंदू खांद्याच्या पातळीवर किंवा थोडा वर असावा. तो खाली राहिला, तर धडकेत पट्टा पाठीचा कणा खाली दाबतो. सलग सीटच्या मधल्या जागेला वरचा बिंदू मिळत नाही, म्हणून ती जागा रिकामी ठेवणेच योग्य.

गैरसमज: शर्यतीच्या गाडीतला चार बिंदूंचा पट्टा सर्वांत सुरक्षित.

वस्तुस्थिती: तो पट्टा खास सीट, पोलादी पिंजरा आणि हेल्मेट यांच्या जोडीने काम करतो. मांड्यांमधला पट्टा नसेल, तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात. ते मागे फरशीला बांधले, तर कण्यावर दाब येतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो योग्य नाही.

गैरसमज: भंगारातला नव्या गाडीचा पट्टा स्वस्तात मस्त.

वस्तुस्थिती: धडकेत एकदा ताणलेला पट्टा पुन्हा तेवढी ओढ सोसत नाही आणि तो ताण डोळ्यांना दिसेलच असे नाही. ऊन आणि घासणे यांनीही धागे कमजोर होतात. नव्या गाड्यांच्या अनेक पट्ट्यांत धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी स्फोटक कुपी असते. ती गाडीच्या संगणकाच्या इशाऱ्यावर चालते. जुन्या गाडीत ती निरुपयोगी ठरते आणि हाताळताना धोक्याची असते. भारतीय मानकाची किंवा युरोपीय ‘ई’ खूण असलेला नवा संचच घ्यावा.

गैरसमज: रीळ कशीही बसवली तरी चालते.

वस्तुस्थिती: आपोआप गुंडाळणाऱ्या पट्ट्याच्या रिळीत लहान गोळी किंवा लोलक असतो. गाडीचा वेग एकदम घटला की तो सरकून रीळ अडकवतो. रीळ ठरावीक कोनातून कलली, तर पट्टा सतत अडकून राहतो किंवा ऐन वेळी अडकत नाही. उत्पादकाने दिलेला कोन पाळता येत नसेल, तर हाताने लांबी जुळवण्याचा, रीळ नसलेला पट्टा बसवावा.

गैरसमज: पट्टे बसवले की गाडीचे मूळपण जाते.

वस्तुस्थिती: 50 वर्षांहून जुन्या वाहनांच्या विंटेज नोंदणीसाठी 2021 च्या नियमांनी चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत अशी अट घातली आहे. बॉडी कापणे टाळून, आतल्या बाजूने पट्टी लावून केलेले काम बाहेरून दिसतही नाही. तरीही वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि कामाची छायाचित्रे व बिले जपून ठेवावीत.

काम झाल्यावर प्रत्येक बकल ओढून पाहावे, सीट पुढे-मागे करून पट्टा कुठे घासतो ते तपासावे आणि दर पावसाळ्यानंतर बोल्टभोवतीचा गंज पाहावा. मोठी धडक झाल्यास पट्टे आणि बोल्ट दोन्ही बदलावेत.