साडेपाच हजारांची रायफल

बालरोगतज्ज्ञाला पालक काय विचारतील याचा नेम नसतो. वजन, भूक, दात, लसी हे नेहमीचेच. परंतु २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नवाच प्रश्न येऊ लागला. आम्हां इंदूरकरांच्या तर हा खेळ अगदी अंगणात आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील रौप्यपदकविजेते विजय कुमार महूच्या लष्करी नेमबाजी पथकात तयार झाले. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत एअर रायफलचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या तिघांपैकी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले. "डॉक्टरसाहेब, स्पर्धेची रायफल म्हणे अडीच-तीन लाखांना पडते. बाजारात पाच-सहा हजारांची मिळते, ती याला घेऊन दिली तर चालेल का?"

वापरून न पाहता उत्तर देणे मनाला पटेना. म्हणून साडेपाच हजार मोजून एक घरी आणली.

तिची रचना साधी आहे. नळी खाली मोडली की आतील भक्कम स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे ढकलते आणि दाबली गेलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बाहेर फेकते. आपली सिरिंजच म्हणा ना, फक्त अंगठ्याच्या जागी स्प्रिंग. मात्र दट्ट्याच्या या धावेमुळे, छर्रा नळीत असतानाच सारी रायफल हलते. तिला कसे धरावे, हा प्रश्न तिथूनच उद्भवतो.

आमच्या गच्चीला तिन्ही बाजूंनी उंच भिंती आहेत. दहा मीटर मोजून तिथे एक लाकडी खोके ठेवले व त्यात जुन्या वैद्यकीय नियतकालिकांचे गठ्ठे ठासून भरले. (त्यांची वर्गणी प्रथमच पुरेपूर वसूल झाली.) हात उशीवर टेकवून दोन रीतींनी दहा-दहा छर्रे झाडले. रायफल घट्ट आवळली तेव्हा छिद्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरली. डाव्या तळव्यावर ती नुसती विसावू दिली, तेव्हा दहांपैकी नऊ छिद्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ती मजल हिच्या आवाक्यातली नव्हे. पण नवशिक्याला शिकविण्याइतकी ती निश्चितच प्रामाणिक आहे.

उभे राहून नेम धरला की हीच छिद्रे बशीएवढी पसरतात. तिथे दोष रायफलीकडे जात नाही. पन्नाशीच्या डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. स्पष्ट ठेवायची ती माशी, लक्ष्य धूसर राहू द्यायचे. आपले नेत्रतज्ज्ञ मित्र पिनहोलमधून अक्षरे वाचायला लावतात. स्पर्धेच्या रायफलीवर मागे जे बारीक भोक असते, त्याचे तत्त्व तेच. श्वास सोडल्यावर जो क्षणभर नैसर्गिक विराम मिळतो, त्यात चाप ओढावा. हृदयाचा ठोका तर माशीच्या टोकावर चक्क डोळ्यांनी दिसतो. नेमबाजीत बीटा ब्लॉकर निषिद्ध आहेत ते याचसाठी. आपल्या संस्थेचे निम्मे सभासद पहिल्याच तपासणीत बाद व्हायचे!

आता मुलांविषयी. खोक्यावर छापलेला वेग खरा मानला, म्हणजे सेकंदाला सुमारे १७० मीटर, तर अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यात सात ज्यूल ऊर्जा भरते. डोळा भेदायला याहून पुष्कळ कमी पुरते. अशा कमी शक्तीच्या रायफलीला परवाना लागत नाही. त्यामुळे अनेक घरांत ती खेळणे ठरते. फार वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलाला आमच्याकडे आणले होते. थोरल्या भावाच्या हातून छर्रा सुटला होता. पापणीवर इवलीशी जखम, रक्त जवळजवळ नाहीच. "नुसतं खरचटलंय," असे आई म्हणत होती. एक्स-रेत छर्रा नेत्रगोलाच्या मागे दिसला. तो डोळा वाचला नाही.

म्हणून बारा वर्षांखालील मुलाला माझे उत्तर स्पष्ट 'नको' असे असते. एरवीही या रायफलीचा चाप त्या बोटांना फार जड आहे, नळी मोडायला मोठ्या माणसाचा जोर लागतो, आणि अर्धवट मोडलेली नळी निसटली तर बोटे सापडतात. त्याहून मोठ्या मुलाला चालेल. परंतु डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा, शेजारी जाणते माणूस हवे आणि छर्ऱ्यांची डबी कुलपात हवी. खेळ संपला की हात साबणाने धुवावेत. शिसे ते शिसेच.

परवा एका चौदा वर्षांच्या मुलाच्या आईने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग थोडे दिवस तुमचीच देता का?" रायफल दिली नाही. रविवारी सकाळी मुलाला घेऊन गच्चीवर या, असे सांगितले आहे. चष्मे दोन आणून ठेवले आहेत. तिच्यासाठी तिसरा आणायचा आहे.