विश्लेषण : घरातील व्यक्तीच्या निधनानंतर कोणती कामे लगेच, कोणती सावकाश?

घरात मृत्यू झाला की भेटायला येणारे, दहावे-तेरावे यातच पहिले दोन आठवडे निघून जातात. त्याच दिवसांत काही सरकारी मुदती मात्र सुरू झालेल्या असतात. दुसरीकडे, मालमत्तेच्या वाटणीला अशी कोणतीही घाई नसते. तरीही ‘सगळे जमलेच आहेत’ म्हणून सह्या नेमक्या याच वेळी घेतल्या जातात. कोणते काम आधी करायचे आणि कोणते थांबवायचे, हे माहीत असेल तर पैसा आणि हक्क दोन्ही वाचतात.

मृत्यूची नोंद कोठे होते?

मृत्यू जेथे झाला, तेथेच. गावाकडच्या व्यक्तीचे निधन पुण्याच्या रुग्णालयात झाले असेल, तर नोंद पुणे महापालिकेकडे होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालयाने कळवायची असते. घरी मृत्यू झाल्यास ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची असून त्या मुदतीत नोंदीला शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यापुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

दाखल्यात काय तपासावे?

नाव, आडनाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मृत्यूची तारीख. आधार कार्डावर ‘दत्तात्रय’ आणि दाखल्यावर ‘दत्तू’ असेल, तर बँकेपासून तलाठी कार्यालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडते. त्यामुळे रुग्णालयात माहिती लिहून देतानाच आधार कार्ड समोर ठेवावे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात.

अपघात, सर्पदंश, वीज पडणे किंवा बुडून मृत्यू झाल्यास पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये. या कागदांशिवाय अपघाताचा दावा सहसा मंजूर होत नाही.

कोणते दावे हमखास सुटतात?

पासबुकातील मागच्या वर्षभराच्या नोंदी नीट पाहाव्यात. वर्षाला ४३६ रुपये कापले गेले असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते. त्यात वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये कापले असतील, तर ती सुरक्षा विमा योजना. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत. अनेक घरांत या विम्याची कल्पनाच नसते, कारण हप्ता खात्यातून परस्पर जातो.

नोकरीत असताना मृत्यू झाल्यास भविष्य निर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतनाबरोबर कर्मचारी ठेव संलग्न विम्याचाही दावा करता येतो. त्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. शेतकरी कुटुंबातील अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांची तरतूद आहे. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो.

एटीएम कार्ड वापरून पैसे काढावेत का?

नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याचे कार्ड किंवा पिन वापरून पैसे काढणे नियमबाह्य आहे. पुढे वारसांत वाद झाला, तर हीच नोंद पुढे येते. खाते संयुक्त आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा प्रकारचे असेल, तर मागे राहिलेल्या खातेदाराला अडचण येत नाही. नॉमिनी असल्यास दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि ओळखपत्र पुरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशांनुसार सर्व कागद मिळाल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

नॉमिनी म्हणजे मालक का?

सर्वसाधारणपणे नाही. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच नॉमिनीमुळे ठरते. ते पैसे अखेर वारसांचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील फ्लॅटचेही तसेच आहे. वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो. आयुर्विम्यात मात्र फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आई-वडील किंवा मुले नॉमिनी असतील, तर रक्कम त्यांचीच होते.

सातबाऱ्यावर वारस नोंद कशी होते?

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज करावा. ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. सोबत मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची माहिती द्यायची असते. ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुषाचे निधन झाल्यास त्याच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात आई यांचा समान वाटा असतो. लग्न झालेली मुलगी किंवा म्हातारी आई अर्जातून ‘राहून’ गेली, तरी तिचा हक्क जात नाही. पण तो मिळवायला तिला कार्यालयांच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

हक्कसोडपत्राची घाई का नको?

वारस नोंद आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीसाठी कोणालाही हक्क सोडावा लागत नाही. ‘नाव लावायला सही हवी’ असे सांगून बहिणीची किंवा नुकत्याच विधवा झालेल्या सुनेची सही घेतली जात असेल, तर कागद आधी पूर्ण वाचावा. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. एकदा नोंदवले की ते रद्द करण्यासाठी सहसा न्यायालयातच जावे लागते. त्याला मुदत नाही. चार-सहा महिन्यांनी शांतपणे ठरवले, तरी काही बिघडत नाही.

मृताचे कर्ज कोणी फेडायचे?

वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच त्या कर्जाची जबाबदारी येते. जामीनदार किंवा सहकर्जदार मात्र वेगळा जबाबदार असतो. वसुलीचा फोन आला म्हणून लगेच स्वतःच्या खिशातून हप्ता भरू नये. त्या कर्जाला विमा होता का, हे आधी बँकेला लेखी विचारावे.

शेवटी काय बंद करायचे?

मृताच्या नावावरील वाहनाची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यावी आणि तीन महिन्यांत ते वारसाच्या नावावर करून घ्यावे. निवृत्तिवेतन सुरू असेल, तर कोषागाराला किंवा बँकेला लगेच कळवावे. नंतर जमा झालेली जादा रक्कम परत करावी लागते. मतदार यादीतून नाव वगळण्यासाठी अर्ज क्रमांक ७ आहे. आधारबाबतची माहिती ‘माय आधार’ पोर्टलवर देता येते. पॅन मात्र शेवटचे प्राप्तिकर विवरणपत्र भरून होईपर्यंत ठेवावे. मोबाइल क्रमांकही सगळे दावे मिटेपर्यंत चालू ठेवावा, कारण बँक आणि विमा कंपन्यांचे संदेश त्याच क्रमांकावर येत असतात.