शाळेची हरित सेना, शेताची राखण

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष कमी करण्यात आपल्या शाळेतली मुलेही हातभार लावू शकतात.

मुलांनी पर्यावरणाचे काम करावे म्हणून केंद्र सरकारने २००१ साली शाळांसाठी राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. आपल्या शाळेत असे पथक नसेल तर गुरुजींना भेटा. रोपे लावण्याबरोबर मुलांना निंबोळ्या वेचायला सांगा. जूनअखेर शाळा उघडते, तेव्हा कडुनिंबाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्या व पोत्यात भराव्या.

फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो बिया कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा मिसळा आणि पाणी घालून १०० लिटर करा. मावा-तुडतुडे नुकते दिसू लागले असता हा अर्क त्यांना आवर घालतो. विषारी औषधाची एखादी फवारणी वाचते.

मात्र औषधाच्या बाटलीला वा पंपाला मुलांचा हात लागू देऊ नका, आणि रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नका. हीच गोष्ट लेकरांनी घरी सांगितली, तर बापही ऐकतो.