एक थांबा, तीन टॅग

रस्त्याच्या कडेला एक खांब, त्यावर बसच्या क्रमांकांची पाटी आणि खाली ताटकळणारी चार माणसे. बघणाऱ्याला हा एक बसथांबा दिसतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटामध्ये मात्र अशा एकाच बिंदूवर अनेकदा तीन नोंदी सापडतात: ‘हायवे=बस_स्टॉप’, ‘पब्लिक_ट्रान्सपोर्ट=प्लॅटफॉर्म’ आणि ‘बस=येस’. पहिली जुन्या पद्धतीची, उरलेल्या दोन २०११ साली मंजूर झालेल्या नव्या पद्धतीच्या. नवी पद्धत आली, पण जुनी काही गेली नाही. प्रकल्पाच्या मुख्य संकेतस्थळावरचा नकाशा बसचे चिन्ह उमटवताना आजही जुनीच नोंद शोधतो. त्यामुळे सावध माणूस दोन्ही पद्धतींनी लिहून मोकळा होतो.

जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून काढलेल्या या नकाशाच्या पोटात अशा दुहेरी नोंदी जागोजागी आहेत. त्या का झाल्या, हे कळायला त्याची घडण पाहावी लागते.

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये हा प्रकल्प सुरू केला. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेचे नकाशे उत्तम होते, पण सरकारी असूनही तो डेटा वापरायचा तर पैसे मोजावे लागत आणि अटी पाळाव्या लागत. मग लोकांनीच जीपीएस घेऊन रस्ते पालथे घालायला सुरुवात केली. आज या प्रकल्पात एक कोटीहून अधिक खाती नोंदलेली आहेत आणि त्याचा डेटा कुणालाही, श्रेय देऊन, मोफत वापरता येतो.

या डेटात मूळ घटक तीनच: बिंदू, रेघ आणि त्यांना जोडणारा संबंध. तो बिंदू विहीर आहे की एटीएम, ती रेघ ओढा आहे की महामार्ग, हे सांगतात टॅग. टॅगच्या डाव्या बाजूला विषय, उजव्या बाजूला उत्तर, मध्ये बरोबरीचे चिन्ह. दोन्ही बाजूंना २५५ अक्षरांची मर्यादा आहे. याखेरीज बंधन जवळजवळ नाही. मान्य शब्दांची सक्तीची यादी नाही आणि चुकीचा टॅग अडवणारा दरवानही नाही. हवा तो टॅग लिहा, हे या प्रकल्पाचे पहिल्यापासूनचे धोरण आहे.

हा मोकळेपणा आळसातून आलेला नव्हता. आल्प्समधल्या स्कीच्या उतरणी, जपानमधली नाणे टाकून पेय देणारी यंत्रे, कोकणातल्या वाड्या या सगळ्यांचा विचार लंडनमध्ये बसलेल्या कुठल्याही समितीला आधी करता आला नसता. ज्याला जे दिसले, त्याने ते आपल्या शब्दांत नोंदवले. एकच वस्तू दोघांना दिसली की शब्दही दोन झाले.

यातली सर्वांत सोपी भानगड स्पेलिंगची. प्रकल्प ब्रिटनमध्ये जन्मल्यामुळे टॅग ब्रिटिश इंग्रजीत लिहायचे, अक्षरे लहान (स्मॉल), दोन शब्दांमध्ये अधोरेषा, असा संकेत पडला. म्हणून इमारतीच्या रंगाच्या टॅगमध्ये ‘कलर’ला ‘यू’ लागतो. अमेरिकन माणूस सवयीने तो गाळतो, पुढे कुणीतरी दुरुस्त करतो. इथे वाद घालण्यासारखे काही नाही.

दूरध्वनी क्रमांकाचे प्रकरण मात्र वर्षानुवर्षे मिटलेले नाही. एक गट साधे ‘फोन’ लिहितो. दुसऱ्या गटाला फोन, ईमेल, संकेतस्थळ हे सगळे ‘कॉन्टॅक्ट:’ या एका छत्राखाली हवे, म्हणून तो ‘कॉन्टॅक्ट:फोन’ लिहितो. अर्थ तोच, क्रमांक तोच. ॲप लिहिणाऱ्याला मात्र दोन्हीकडे शोधावे लागते.

मग मतदान घेऊन निकाल का लावत नाहीत? मतदान होते. नवा टॅग सुचवणारा आधी प्रस्ताव लिहितो, त्यावर किमान दोन आठवडे चर्चा होते, मग किमान दोन आठवडे मत नोंदवता येते. पण मंजूर झालेला टॅग वापरलाच पाहिजे अशी सक्ती नसते आणि नामंजूर झालेल्यावर बंदी येत नाही. धरणाच्या जलाशयासाठी पूर्वी ‘लँडयूज=रिझर्व्हायर’ लिहीत. २०११ पासून ‘नॅचरल=वॉटर’ आणि जोडीला ‘वॉटर=रिझर्व्हायर’ अशी पद्धत आली. त्यानंतर कितीतरी वर्षे दोन्ही शेजारीशेजारी नांदल्या. माणसाने बांधलेल्या कोयनेच्या शिवसागराला ‘नॅचरल’ कसे म्हणायचे, असा प्रश्न कुणाला पडला तर तो रास्तच आहे. त्यावर उत्तर असे की तो शब्द इथे फक्त पाण्याचा पृष्ठभाग दाखवतो.

जंगलाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ‘नॅचरल=वुड’ आणि ‘लँडयूज=फॉरेस्ट’ यांत फरक काय? काहींच्या मते पहिले आपोआप वाढलेले रान आणि दुसरे माणसाने राखलेले वन. काहींच्या मते दुसरे म्हणजे लाकडासाठी वापरात असलेली जमीन. बाकीचे कोणताही फरक करत नाहीत. शेवटी मुख्य नकाशाने दोन्ही एकाच हिरव्या रंगात रंगवायला सुरुवात केली. म्हणजे जो फरक काहींनी जपून नोंदवला होता, तो बघणाऱ्याला दिसेनासा झाला.

बाहेरून घाऊक आणलेल्या डेटाचे अवशेष वेगळेच. अमेरिकेच्या जनगणना विभागाचा टायगर नावाचा रस्त्यांचा डेटा २००७-०८ मध्ये यात ओतला गेला. त्याबरोबर त्या खात्याचे अंतर्गत संकेतही आले. ‘टायगर:रिव्ह्यूड=नो’, म्हणजे अजून कुणी तपासलेले नाही, अशी चिठ्ठी आजही असंख्य रस्त्यांना चिकटलेली आहे. यातले काही निरुपयोगी टॅग आता संपादनाची साधनेच, तो रस्ता कुणी हाताळला की, गुपचूप काढून टाकतात.

खरी सत्ता आहे ती या साधनांची. कुठला टॅग किती वेळा वापरला गेला हे ‘टॅगइन्फो’वर पाहता येते, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे वजन मोठे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘आयडी’ या संपादकात नवखा माणूस यादीतून ‘डॉक्टर’ निवडतो, तेव्हा त्याच्या नकळत ‘अमेनिटी=डॉक्टर्स’ आणि ‘हेल्थकेअर=डॉक्टर’ असे दोन्ही टॅग लागतात. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे मोबाइल ॲप तर टॅग दाखवतच नाही. ते साधा प्रश्न विचारते आणि उत्तराचा टॅग स्वतः करते. यादी बनवणाऱ्या मोजक्या लोकांच्या हाती एवढी ताकद का, यावरून प्रकल्पात खडाजंगीही झाली आहे. हजारो टॅग एका दमात बदलणाऱ्या यांत्रिक दुरुस्त्यांसाठी आधी समाजाशी चर्चा करावी, असा नियमही आहे.

प्रत्येक जोडी मात्र निकालात काढण्याजोगी नसते. नावांचेच घ्या. पुण्यात सगळे ज्याला एफसी रोड म्हणतात तो फर्ग्युसन कॉलेज रस्ता, आणि अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता. यातले एक ठेवून बाकीची पुसली तर शोधणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून रुळलेले नाव ‘नेम’मध्ये, अधिकृत नाव ‘ऑफिशियल_नेम’मध्ये, आद्याक्षरे ‘शॉर्ट_नेम’मध्ये आणि मराठी नाव ‘नेम:एमआर’मध्ये अशी सोय आहे. बदललेल्या नावासाठी ‘ओल्ड_नेम’ आहे: २०१८ साली प्रभादेवी झालेल्या स्थानकाचे एल्फिन्स्टन रोड, छत्रपती संभाजीनगरचे औरंगाबाद. मुंबई–पुणे–बंगळूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ नव्या क्रमवारीत ४८ झाला, तरी ढाब्यांच्या पाट्यांवर आणि बोलण्यात ४ टिकून आहे. त्यासाठी ‘ओल्ड_रेफ’.

उलट, शाळेच्या इमारतीवर ‘अमेनिटी=स्कूल’ आणि आवारातल्या बिंदूवर पुन्हा तेच, ही निव्वळ चूक. एक वस्तू, एक नोंद हे इथले तत्त्व आहे. नाहीतर तालुक्यातल्या शाळा मोजणाऱ्याला कागदावर जास्तीच्या शाळा मिळतात.

महाराष्ट्रापुरता एक प्रश्न अजून उघडाच आहे. प्रकल्पाच्या दस्तऐवजांनुसार ‘हिस्टॉरिक=फोर्ट’ म्हणजे निव्वळ लष्करी ठाणे, तर ‘हिस्टॉरिक=कॅसल’ म्हणजे निवासही असलेली तटबंद वास्तू. रायगडावर राजवाडा होता, बाजारपेठ होती, राज्याभिषेक तिथेच झाला. व्याख्येने तो दुसऱ्या गटात बसतो, पण इंग्रजीत सगळे त्याला ‘फोर्ट’ म्हणतात. किल्ल्याचा उपप्रकार सांगणाऱ्या ‘कॅसल_टाइप’च्या यादीत रशियाच्या क्रेमलिनला आणि जपानच्या शिरोला स्वतंत्र जागा आहे. गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट ही आपली विभागणीही तिथे मांडता येईल. शनिवार-रविवारी गड चढणाऱ्या मराठी ट्रेकर्सपैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यावे. खाते उघडायला पैसे लागत नाहीत. प्रस्ताव लिहिण्याआधी टॅगइन्फो चाळावे, आधीच कुणी वेगळा शब्द वापरला आहे का ते बघावे, आणि तोवर निदान प्रत्येक गडाला ‘नेम:एमआर’ तरी द्यावे.